दोन शहरांच्या दोन रात्री

बदलीच्या गावी उतरलेल्या माणसाची त्या गावाशी खरी ओळख बहुधा कचेरी सुटल्यानंतरच होते. दिवसाचे गाव फायलींच्या आड जाते. त्याच्या वाट्याला उरते ते दिवेलागणीपासूनचे. परक्याची नजर आणि रात्र यांचे हे नाते ध्यानात घेतले, म्हणजे रात्रीच्या छायाचित्रांचे दोन अतिशय गाजलेले संग्रह दोन परक्यांच्या हातून का सिद्ध झाले, याचे फारसे नवल वाटत नाही. ‘पारी द न्युई’ हा पॅरिसच्या रात्रीचा संग्रह १९३२च्या अखेरीस निघाला. त्याचा कर्ता ब्रासाई हा मूळचा ज्युला हालास. तेव्हाच्या हंगेरीतील, आज रुमानियात असलेल्या ब्राशोव गावचा. त्या गावाच्या ‘ब्राशो’ या हंगेरियन नावावरूनच त्याने आपले टोपणनाव घेतले. ‘अ नाइट इन लंडन’ हा दुसरा संग्रह १९३८चा. त्याचा कर्ता बिल ब्रँट जन्माने हॅम्बुर्गचा आणि लंडनमध्ये कायमचा राहू लागून त्याला पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत, कारण पॅरिसच्या ज्या प्रकाशनसंस्थेने पहिले काढले, तिचाच दुसऱ्याच्या प्रकाशनातही हात होता. किंबहुना दुसरे पुस्तक पहिल्याच्या यशातूनच जन्मले असे म्हणावयास हरकत नाही.

काळोखाचे छायाचित्र घेणे ही तशी विसंगतच गोष्ट होय. छायाचित्र उमटते प्रकाशाने. प्रकाश मोजण्याचे मीटर समोर काहीही असले तरी ते मध्यम करड्या छटेचे आहे असेच धरून चालते. म्हणून मीटरवर विसंबणाऱ्याची काळी भिंत करडी होते आणि मध्यरात्र ढगाळ दुपारसारखी दिसू लागते. त्यात फिल्मचीही एक खोड आहे. एक्स्पोजर सेकंदापलीकडे गेले की तिची ग्रहणशक्ती मंदावते. कोडॅकच्या ‘ट्राय-एक्स’ फिल्मच्या कोष्टकात हिशेबाने येणाऱ्या १० सेकंदांना ५० आणि १०० सेकंदांना १२०० सेकंद द्यावे लागतात. हे मंदावणे सर्व चित्रभर सारखे नसते. दिव्याजवळचा भाग भरपूर प्रकाश मिळाल्याने लौकर उमटतो. कोपऱ्यातली सावली मात्र मागेच राहते, अधिकच काळी होते. फिल्म जणू स्वतःच काळोखाची बाजू घेते. चांगला छायाचित्रकार तिच्या या पक्षपाताशी भांडत बसत नाही.

ब्रासाई भांडला नाही. तिवईवर छोटा प्लेट-कॅमेरा, पिशवीत मोजक्या काचेच्या प्लेटा आणि वेळ मोजण्यासाठी सिगारेट, अशी त्याची सामग्री होती. प्रकाश बरा असेल तर एक ‘गोल्वाझ’ संपेपर्यंत आणि काळोख दाट असेल तर अधिक वेळ जळणारी ‘बोयार’ संपेपर्यंत शटर उघडे ठेवायचे, असे तो सांगत असे. पोलिसांनी हटकले तर दाखवायला आधीची रात्रीची चित्रे तो जवळ बाळगी. या गोष्टी गमतीच्या म्हणून नेहमी सांगितल्या जातात. मला त्यांत त्याची पद्धत दिसते. एक अख्खी सिगारेट ओढून होईपर्यंत जो माणूस एका गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, तो त्या गल्लीचा पाहुणा राहत नाही.

त्याच्या चित्रांतील खरी हुशारी दिवा लपवण्यात आहे. उघडा दिवा फिल्मवर पांढरे भगदाड पाडतो आणि डोळा तेथेच अडकतो. ब्रासाई दिव्याला झाडाच्या किंवा खांबाच्या आड घालतो, पाऊस किंवा धुके पडण्याची वाट पाहतो, आणि मग प्रकाश ओल्या फरसबंदीवर सांडतो अथवा हवेत पसरतो. मार्शल नेच्या पुतळ्याचे त्याचे १९३२चे चित्र पाहावे. उगारलेल्या तलवारीसह सेनापती पाठमोरा काळाठिक्कर उभा आहे, आणि पलीकडे धुक्यात एका हॉटेलची पाटी उजळली आहे. शौर्याला अंधार आणि भाड्याच्या खोल्यांना उजेड! हे भाष्य ब्रासाईने रचलेले नाही. त्या कोपऱ्यावर रात्री प्रकाशाची वाटणीच तशी होती. त्याने ती मोडली नाही, एवढेच.

येथे संधिप्रकाशाविषयी एक शब्द. सूर्यास्तानंतर दिल्लीत साधारण पंचवीस मिनिटे अशी असतात की आकाश अजून निळसर असते आणि दिवे लागलेले असतात. दोहोंचा तोल आपोआप साधतो. रोषणाई केलेल्या सरकारी इमारतींची पोस्टकार्डे बहुतेक या वेळची असतात आणि म्हणूनच ती सुंदर आणि निर्जीव दिसतात. आपल्या भाषेने या घटकेला ‘कातरवेळ’ म्हटले आहे. त्या शब्दातली हुरहूर या निळ्या पोस्टकार्डांत शोधूनही सापडणार नाही. ब्रासाईने या सोयीच्या वेळेचा मोह फारसा धरला नाही.

ब्रँटचे पुस्तक रचनेच्या दृष्टीने अधिक रेखीव आहे. मेजवानीला जाणारे श्रीमंत, दारूचे गुत्ते, गल्लीतला पोलीस. संध्याकाळपासून पहाटेपर्यंतची एक रात्र त्यात बांधली आहे. त्यातील अनेक प्रसंगांत त्याचे आप्तमित्रच पात्रे होऊन उभे आहेत. याचा त्याला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ब्रासाईनेही मंडळी उभी केली आणि मॅग्नेशियमचा भपकाही उडवला. माझी तक्रार वेगळी आहे. ब्रँटने काही चित्रे दिवसा घेऊन ती काळी छापली. वाचक विचारील, परिणाम साधला म्हणजे झाले. कृतीची चौकशी कशाला? पण परिणामच साधलेला नाही. दिवसाचा प्रकाश आकाशातून, सर्वांवर सारखा उतरतो; छप्पर, पायऱ्या, पदपथ सगळ्यांना तो थोडाथोडा मिळतो. रात्रीचा प्रकाश माणसाच्या डोक्यापासून हातभर उंचीवर जन्मतो, चार पावलांत संपतो, आणि छपराला तो ठाऊकही नसतो. दिवसाची चित्रे कितीही काळी छापली तरी छपरे बोलायची राहत नाहीत. तेथे रात्र नसते. झाकोळलेली दुपार असते.

मूळ पुस्तके आज सहजी हाती येत नाहीत, आणि हा तोटा लहान नव्हे. ‘पारी द न्युई’ फोटोग्रॅव्हूरने छापलेले, पानाच्या कडेपर्यंत चित्र, समास नाही; त्यातील काळेपणा हा शाईचा जाड थर आहे. आपण बहुतेकजण ही चित्रे मोबाइलच्या पडद्यावर पाहतो, जेथे काळा रंगही मागून उजळलेला असतो. त्याच मोबाइलचा कॅमेरा हल्ली अनेक झटपट चित्रे एकत्र करून आपणहून रात्र उजळून देतो. त्याने काढलेल्या गल्लीत कोपरा कोपरा दिसतो, आणि दिवा कोणासाठी होता ते कळत नाही.

ब्रँटविषयी एवढे कठोर लिहिल्यावर त्याच्या १९३९नंतरच्या चित्रांकडे वळणे भाग आहे. १ सप्टेंबर १९३९पासून विमानहल्ल्यांच्या भयाने लंडनचे दिवे मालवले गेले. या ब्लॅकआउटमध्ये ब्रँट तिवई घेऊन बाहेर पडला आणि निव्वळ चांदण्यात, कित्येक मिनिटांची एक्स्पोजर देत, त्याने रिकामे रस्ते टिपले. चांदणे तर आकाशातूनच, छपरांवर उतरते. दिवसा घेतलेल्या चित्रांत जे खोटे पडले होते, तेच येथे खरे झाले. लागलेला दिवा नाही, चालणारा माणूस नाही. कोणी चालून गेला असला तरी इतक्या दीर्घ एक्स्पोजरमध्ये त्याची खूण उरली नसेल. मला विचाराल तर ब्रासाईचे कोणतेही चित्र या चित्रांच्या जवळपास येत नाही, आणि ब्रासाई मला अधिक आवडतो हे सांगूनही मी असे म्हणतो. १९४२चे चांदण्यातले सेंट पॉल त्यांतच मोडते. आजूबाजूला बाँबने पडलेल्या भिंती, मध्ये अख्खा उभा घुमट, आणि त्या सर्वांवर सारखेच पडलेले ते थंड, पांढरे चांदणे.