जुहूतल्या फारगोची साखळी

जुनी साखळी मेस्त्रींनी एका टोकाशी चिमटीत धरली आणि कुशीवर आडवी केली. नवी साखळी अशी धरली तर बरीचशी ताठ राहते. ही मात्र फळानं लगडलेल्या फांदीसारखी खाली झुकली. "संपली," ते म्हणाले आणि ती पाटीत टाकली. जुहू गल्लीतल्या त्या गॅरेजात अख्खं इंजिन खोलून पडलं होतं. हेड फळीवर होतं, पिस्टन नंबरानं मांडलेले होते. पण मी त्या पाटीकडेच बघत राहिलो.

ट्रक फारगो. आता तो सिनेमाच्या शूटिंगला भाड्यानं जातो, जुन्या काळातला रस्ता दाखवायचा असला की. या जातीच्या गाड्यांचं घर इथून लांब नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या फारगोसारख्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. या ट्रकातलं पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरांचं, साइड व्हॉल्व्हचं. म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी उभे. 1954 नंतर ज्या टाटा-मर्सिडीज ट्रकांनी आपले घाट व्यापले, त्यांच्या डिझेल इंजिनात पिस्टननी फिरणाऱ्या क्रँकपासून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत गिअरला गिअर भिडलेले असतात. फारगोत त्या जागी साखळी आहे. गिअरची मला कदर आहे. प्रेम साखळीवर आहे.

कारण तिचं काम ऐकायला सोपं आणि करायला फार नाजूक आहे. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरला पाहिजे, म्हणून वरच्या, कॅमच्या चाकाला खालच्या, क्रँकच्या चाकाच्या नेमके दुप्पट दात. गाण्यातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. एकच आवर्तन, वरचा ठाय लयीत, खालचा दुगुणीत, आणि समेला दोघं एकत्र. ती सम दोन्ही चाकांवर बारीक खुणेनं कोरलेली असते. सहा सिलिंडरांचे बारा व्हॉल्व्ह त्या खुणेच्या भरवशावर उघडतात आणि मिटतात. डिस्ट्रिब्यूटरही कॅमवरूनच फिरतो, त्यामुळे ठिणगीही साखळीच्याच हवाली.

साखळी ताणली जाते असं सगळे म्हणतात. पोलाद तसं ताणलं जात नाही. झिजतो तो कडीचा खिळा आणि त्याचं भोक. समजा पन्नास जोड आहेत आणि प्रत्येक जोड मिलिमीटरचा फक्त पन्नासावा भाग झिजला, तर साखळी मिलिमीटरभर लांबते. तेवढ्यानं कॅम मागे रेंगाळतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते आणि चढावर ट्रक दम टाकतो. मेस्त्री हे इंजिन उघडण्याआधीच ओळखतात. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं, क्रँक हातानं मागेपुढे हलवायचा आणि आतला रोटर कधी हलतो ते बघायचं. क्रँक निघाला आणि रोटर अजून गप्प, तर मधलं अंतर साखळीनं खाल्लेलं असतं. या एका निदानासाठी मी त्यांना गवई म्हणायला तयार आहे.

नवी साखळी निवडताना आमचे मतभेद झाले. एक साखळी रोलरची, सायकलच्या साखळीची थोरली बहीण. हान्स रेनॉल्ड या स्विस माणसानं 1880 मध्ये मँचेस्टरला ती घडवली. दुसरी पट्ट्यांची, सायलेंट चेन, तीही त्याचीच, 1895 ची. हिच्यात रोलर नाहीत. दात कापलेल्या पातळ पट्ट्या दाट ओवलेल्या असतात आणि त्या चाकाच्या दातांत सरकत बसतात, आपटत नाहीत. मी रोलरच्या बाजूचा. ती दणकट असते, मळक्या तेलालाही लवकर हार जात नाही. मेस्त्रींनी विचारलं, "हा ट्रक आता कसारा चढणारे का माल घेऊन?" नव्हता चढणार. तो कॅमेऱ्यासमोर सावकाश येणार, थांबणार, पुन्हा येणार. साइड व्हॉल्व्हचं इंजिन आयडलला इतकं शांत असतं की रोलरची किरकिर त्यात वेगळी ऐकू येते. ट्रक माल वाहत असता तर मी अजूनही रोलरच घेतली असती. इथे मात्र त्यांचं बरोबर होतं. पट्टीची साखळी ठरली आणि दोन्ही चाकंही नवी, कारण जुन्या चाकाचे दात जुन्या साखळीच्या मापानं झिजलेले असतात. नवी साखळी त्यांवर चढवली तर तीही तशीच झिजू लागते.

बसवणं मात्र घाईनं सांगू नये. समुद्र जवळ आहे. खारा वारा उघड्या पोलादाला एका रात्रीत तांबडं करतो, म्हणून साखळी शेवटच्या क्षणापर्यंत तेलाच्या डब्यात. आधी साखळीवर तेल सोडणारी बारीक नळी तारेनं साफ झाली. एक नंबरचा पिस्टन टॉपला आणला. मग दोन्ही चाकं साखळीसकट एकाच वेळी धरून, थोडं इकडे थोडं तिकडे करत, सरकवली. फूटपट्टी लावली. क्रँकचा मध्य, खूण, समोरची खूण, कॅमचा मध्य, सगळं एका रेघेत. इथे पुष्कळ जण थांबतात. मेस्त्रींनी इंजिन चालण्याच्या दिशेनं हातानं दोन पूर्ण फेरे दिले, म्हणजे ढिलाई एकाच बाजूला जाते आणि चुकलेला एक दातसुद्धा लपत नाही. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. मग तेल फेकणारी चकती. चकती उलटी बसली किंवा विसरली तर पुढचं सील तेल गाळू लागतं. मग कव्हर, बोल्ट आधी सैल, कव्हर पुलीच्या मानेभोवती मधोमध आणून नंतर आवळलेलं.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा जुहू विमानतळावरून एक हेलिकॉप्टर उठलं आणि काहीच ऐकू येईना. मेस्त्री हात वर करून थांबले. आवाज समुद्राकडे विरला, तसं त्यांनी लांब पेचकसाचं टोक कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेचकस माझ्या हातात दिला. कापडाच्या दुकानात रेशमाचं ठाण उलगडताना होते तशी एक सळसळ, आणि तिच्या मागे कॅमचा संथ ठेका.