लंडन ते आंबोली : नभोवाणी वार्तांची पारख

नभोवाणीवरील बातमीचा इतिहास शिकवताना आपल्याकडे अमेरिकन जाळ्यांचा, म्हणजे नॅशनल ब्रॉडकास्टिंग (१९२६) व कोलंबिया (१९२७) या दोन संस्थांचा, आदर्श म्हणून उल्लेख होतो. गोवामुक्तीसाठी चालवलेल्या ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ या गुप्त केंद्राचा उल्लेख मात्र देशभक्तीच्या प्रकरणात एखाद्या परिच्छेदात आटोपतो. पहिल्याची वार्ताहरकी म्हणून व दुसऱ्याची केवळ धाडस म्हणून नोंद घेण्याची ही पद्धत योग्य आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोलंबियाच्या वार्तासेवेची खरी ओळख १३ मार्च १९३८ रोजी झाली. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केल्यावर एडवर्ड मुरो व्हिएन्नाहून व विल्यम शायरर लंडनहून एकाच कार्यक्रमात बोलले. (हे शायरर १९३०-३१ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’साठी भारतात येऊन गांधीजींच्या चळवळीचे वार्तांकन करून गेले होते.) १९४० मध्ये बॉम्बवर्षावाखालच्या लंडनमधून मुरो यांनी बातम्या दिल्या. घटना जिथे घडते तिथे उभे राहून बोलणे, हे या पद्धतीचे बळ.

परंतु हे जाळे निर्भेळ स्वतंत्र होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वृत्तनिवेदकाने स्वतःचे मत मांडावे की नाही, या वादातून सेसिल ब्राउन यांनी १९४३ मध्ये कोलंबिया सोडली. १९४७ मध्ये दाढीचा साबण बनवणाऱ्या जाहिरातदाराने हात काढून घेताच शायरर यांचा कार्यक्रमही गेला. स्वतः मुरो १९६१ मध्ये अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख झाले.

आता गोव्याकडे वळू. सालाझारच्या राजवटीत छापील शब्दावर पूर्वतपासणी होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे कर्नैल सिंग यांनी प्राण दिला. त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रहावर बंदी घातली व सरहद्द बंद झाली. माणसे जाऊ शकत नव्हती, तेव्हा आवाज पाठवला गेला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून प्रक्षेपण सुरू झाले. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या रानात हलले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी ते १९६१ पर्यंत पोर्तुगीज व कोकणी भाषांतून चालवले.

टीकेच्या दृष्टीने पाहता या केंद्राची उणीव उघड आहे. निवेदक घटनास्थळी नव्हते. पोर्तुगीज प्रचाराचे खंडन व बाहेरच्या जगातील घडामोडींचे कथन हा कार्यक्रमाचा मुख्य भाग होता. या अर्थाने ते वार्तासेवेपेक्षा बोलत्या पत्रकाच्या अधिक जवळ होते. शिवाय भारतीय भूमीवरून सहा वर्षे चाललेले केंद्र भारत सरकारच्या संमतीवाचून टिकले नसते; त्या सरकारच्या गोवाविषयक धोरणाची चिकित्सा त्याने किती केली असेल, हा प्रश्न संशोधकाने विचारलाच पाहिजे.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. जिथे एकच आवाज ऐकू येतो तिथे दुसरा आवाज उपलब्ध होणे हीच मोठी बातमी असते. लंडनच्या श्रोत्यापाशी ताडून पाहण्यास अनेक साधने होती. डिचोलीच्या श्रोत्यापाशी फार थोडी. भाषेची निवडही विचारपूर्वक दिसते. पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांना व शिक्षितांना उद्देशून, कोकणी सामान्यांना. पेडणे-डिचोलीत लिहिण्या-वाचण्याची भाषा बहुतांशी मराठी. पण कानाला लिपी लागत नाही. रोमी की देवनागरी, हा वाद ध्वनिलहरींवर उद्भवत नाही. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्व श्रोत्यांपर्यंत एकच वाक्य पोचू शकत होते. छापील पत्रकाला हे साधले नसते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी सरदेसाई व लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकावर गोवा मुक्त झाल्याची घोषणा केली. सहा वर्षे दुरून बोलणारे निवेदक त्या दिवशी प्रथमच घटनेच्या माथ्यावर होते. सरदेसाई यांना १९९२ मध्ये व लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. सन्मान झाला; चिकित्सा अद्याप व्हायची आहे.

म्हणून अध्यापकांनी ही दोन्ही उदाहरणे एकाच तासाला शेजारी ठेवावीत. बोलणारा कुठे उभा आहे, त्याचा खर्च कोण उचलतो, आणि ऐकणाऱ्यापाशी ताडून पाहण्यास दुसरे काय आहे, हे तीन प्रश्न दोघांनाही सारख्याच कठोरपणे लावावेत. धाडसाला वंदन करून बातमीची तपासणी टाळणे, आणि नावलौकिकाला भुलून ती टाळणे, हे दोन्ही दोष सारखेच. आज हाती येणारा प्रत्येक संदेश खरा मानणाऱ्या विद्यार्थ्याला या तीन प्रश्नांची सवय लागणे, हेच या इतिहासाचे वर्गातील प्रयोजन होय.