शत्रूची पत्रे

युद्धाच्या चित्रपटांत शत्रूला बहुधा चेहरा नसतो. तो धुरातून धावत येतो, गोळी लागून कोसळतो. त्याच्या घरी कोणी वाट पाहत असेल, हा विचार प्रेक्षकाच्या मनाला शिवत नाही. तो शिवावा म्हणून एका अमेरिकन दिग्दर्शकाने जपानी भाषेत चित्रपट काढावा, हे धाडसच म्हटले पाहिजे. क्लिंट ईस्टवुड ह्यांनी २००६ साली इवो जिमाची लढाई दोन चित्रपटांत मांडली: ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’मध्ये अमेरिकन बाजूने आणि ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’मध्ये जपानी बाजूने. आमच्या मते दुसरा सरस आहे. परंतु ज्या गुणामुळे तो सरस ठरतो, त्यातच त्याचे उणेही दडलेले आहे.

१९ फेब्रुवारी १९४५ रोजी त्या गंधकाच्या बेटावर अमेरिकन फौजा उतरल्या. बचावास असलेल्या सुमारे २१,००० जपान्यांपैकी जिवंत हाती लागले ते हजाराच्या आसपास. अमेरिकेचेही सुमारे ६,८०० लोक कामी आले. सेनापती कुरिबायाशी ह्यांनी किनाऱ्यावर शक्ती न वेचता डोंगर पोखरून भुयारांत फौज ठेविली. चित्रपटाचा बराच भाग त्या भुयारांतच घडतो. तो आपण पाहतो मुख्यतः साइगो नावाच्या एका पाववाल्याच्या डोळ्यांनी. ह्याला कीर्तीची हाव नाही. जिवंत घरी परतावे आणि आपले न पाहिलेले मूल पाहावे, एवढीच त्याची इच्छा.

एका प्रसंगी जखमी अमेरिकन कैदी मरतो, आणि बॅरन निशी त्याच्या आईचे पत्र सैनिकांना जपानीत वाचून दाखवितात. ऐकणाऱ्यांना वाटते, हे तर आपल्याच आईचे शब्द! प्रसंग हृद्य आहे ह्यात संशय नाही.

तथापि येथेच आमची शंका उभी राहते. कुरिबायाशी अमेरिकेत राहून आलेले. निशी ह्यांनी १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात सुवर्णपदक मिळविलेले. हे इतिहासास धरूनच आहे. परंतु चित्रपटात हे अमेरिका जाणणारे दोघेच उदार, आणि तिला न जाणणारा लेफ्टनंट इतो क्रूर, अशी वाटणी होऊन बसते. साइगोही आपणांस भावतो, तो आपल्यासारखाच कुरकुरतो म्हणून. म्हणजे प्रेक्षक शत्रूवर प्रेम करीत नाही. शत्रूत दिसलेल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर करतो. शिवाय कथा बेटापुरती राखल्यामुळे १९३७ सालचे नानकिंग दृष्टीआडच राहते.

ह्या मर्यादेपलीकडे चित्रपट जातो तो सुरिबाची डोंगराच्या गुहेत. पराभव अटळ दिसताच तरुण सैनिक एकामागून एक हातबाँब छातीशी धरून स्वतःला संपवितात. कोणी रडतो, कोणाचा हात कापतो. हे मरण आपणांस पटत नाही, कळतही नाही. तरी नजर हलत नाही. येथे साम्याचा आधार नाही, कोणाच्या आईचे पत्रही नाही. आणि पुढे शरण आलेल्या शिमिझूला अमेरिकन पहारेकरीच गोळी घालतो, तेव्हा दिग्दर्शकाने स्वकीयांनाही सूट दिलेली नाही हे मान्य करावे लागते.

चित्रपट अवश्य पाहावा. मात्र पाहून झाल्यावर प्रत्येकाने स्वतःस विचारावे: त्या मातीत साइगोच्या सोबत्यांची पत्रे सापडली तसे क्रूर इतोचे एखादे पत्र सापडले असते, तर आपण ते उघडून वाचले असते काय?