लोणी खा, बारीक व्हा?

डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या १९७२ सालच्या ‘डॉ. अ‍ॅटकिन्स डाएट रेव्होल्यूशन’ या पुस्तकाने अमेरिकनांना सल्ला दिला : पाव-साखर सोडा, लोणी मात्र मनसोक्त खा. साखरेवरचा रोख योग्यच. वजनही घटते; पण सुरुवातीची घट बरीचशी ग्लायकोजेनची व त्याबरोबरच्या पाण्याची असते. शिवाय भूक मंदावल्याने जेवण कमी होते. ऊर्जा कीटोनरूपाने लघवीवाटे निघून जाते, हा लेखकाचा मुद्दा मात्र टिकत नाही. अशी जाणारी ऊर्जा अगदी थोडी असते. एक ग्रॅम पिष्ट ४ किलोकॅलरी देते, स्निग्ध पदार्थ ९. ताटात जादा लोणी आले, तर शरीर साठवलेली चरबी कशाला खर्च करील? हा हिशेब वर्गात मुलांकडूनच करून घ्यावा.