देवावाचून नीती : आगरकरांच्या निबंधांविषयी

परमेश्वराचे भय सुटले की मनुष्य मोकाट होईल, असे आपल्याकडील पुष्कळ विचारी मंडळींस मनापासून वाटते. मानवतावाद हा शब्द अलीकडे सभासंमेलनांतून इतका सैल वापरला जातो की भूतदयेपासून देणगीपर्यंत काहीही त्यात मावते. परंतु ह्या शंकेशी गाठ घातल्यावाचून त्याचा खरा अर्थ कळावयाचा नाही. वर्तनाचे बरेवाईट ठरविण्यास मनुष्याचे ह्या लोकीचे सुखदुःख आणि त्याची बुद्धी एवढी सामग्री पुरेशी आहे, हा तो अर्थ होय. मराठीत तो आडपडदा न ठेवता मांडला गोपाळ गणेश आगरकरांनी. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला; १८९५ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते वारले. मधल्या काळातील त्यांचे निबंध आम्ही नुकतेच पुन्हा वाचून काढले.

मिल्ल व स्पेन्सर ह्यांच्या वाचनाचा ठसा त्यांवर जागोजाग आहे. तेवढ्यावरून त्यांस उसने ठरविणे आम्हांस वरवरचे वाटते. संमतिवयाच्या कायद्याचेच उदाहरण घ्या. वयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा हा कायदा १८९१ मध्ये झाला, तेव्हा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे थोर पंडित सुधारणेच्या बाजूने शास्त्रवचने शोधीत होते. त्या परिश्रमांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु उद्या कोणी ह्याहून जुने, उलट अर्थाचे वचन पुढे आणले तर त्या पोरीचे काय? आगरकरांच्या विचारास ही धास्तीच नाही. रूढीमुळे पीडा कोणाला होते, किती होते, आणि तिने कोणाचे हित साधते, एवढेच ते विचारतात. विलायती ग्रंथांतून त्यांनी पद्धत घेतली असेल. वेदना मात्र येथल्या माजघरातील होती.

राहिली भयाची गोष्ट. पापपुण्याचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या घरांतच विधवांचे केशवपन होत असे. तेथे ईश्वराच्या भयाने कोणाचा हात धरला नाही. उलट परलोकीच्या फळाची आशा नसलेल्या ह्या माणसाने मोठ्या पगाराची नोकरी आपण धरणार नाही, असे आईला पत्राने कळविले आणि शिक्षकाचा पेशा पत्करला. पुण्यात जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा निघाली, तरी लेखणी थांबली नाही.

आम्हां कोल्हापूरकरांस आगरकर आठवतात ते १८८२ च्या खटल्यामुळे. येथील छत्रपती चौथे शिवाजी ह्यांच्या छळाचा आरोप कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्यावर झाला; आधाराची पत्रे बनावट ठरली, आणि टिळक व आगरकर ह्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे पुराव्यावाचून काहीच न मानण्याचा जो करडेपणा त्यांच्या लेखनात दिसतो, त्याचे एक मूळ ह्या फसगतीत असावे, असा आमचा तर्क आहे.

मात्र ह्या निबंधांतील एक उणीव झाकून चालणार नाही. त्यांचा वाचक बहुधा लिहितावाचता पांढरपेशा. शेतकऱ्याच्या ओसरीवर ते पोचले नाहीत. तेथे पोचले जोतीराव फुले, आणि फुल्यांनी निर्मिक कायम ठेवला होता. कोल्हापुरात १९११ मध्ये सत्यशोधक समाज उभा राहिला तो त्याच वाटेने. शाहू महाराज काही नास्तिक नव्हते. तरीही नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांस निम्म्या जागा देणारा १९०२ चा हुकूम, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणि त्याच वर्षीचा पुनर्विवाहाचा कायदा ह्यांना आगरकरांचीच कसोटी लावून पाहावी. ते तिला पूर्ण उतरतात. देव मानणे न मानणे ह्यापेक्षा न्यायनिवाड्याच्या वेळी कोणाचे दुःख पुराव्यात धरले जाते, ह्यावर आमच्या मते मानवतावादी कोण हे ठरावे. आगरकरांचे निराळेपण इतकेच, आणि ते थोडे नव्हे, की त्यांनी कोणताही ग्रंथ, आपलासुद्धा, अखेरचा मानला नाही.

ह्या विचाराचे वैरी अजून सरलेले नाहीत. २०१५ च्या फेब्रुवारीत ह्याच कोल्हापुरात गोविंद पानसरे ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांनी ते गेले.

घरातील तरुण मुलामुलींच्या हाती आगरकरांचे पहिले काय द्यावे, असे आम्हांस कोणी पुसले तर आम्ही गंभीर तात्त्विक निबंध सुचविणार नाही. 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' हा द्यावा. नाव वाचून मुले प्रथम हसतील. विषय अंगावरच्या कपड्याचा, पण युक्तिवादाची शिस्त तीच, आणि साक्षीला देवही नाही व पोथीही नाही.