नापास होणे कोणाला परवडते? ‘कोसला’ आणि वर्षाचा शेवट



हे टिपण तुम्ही बहुधा मे महिन्यात उघडले असेल. सहावे किंवा चौथे सेमिस्टर संपत आले आहे, अंतर्गत गुणांची यादी लागली आहे, हजेरी पंचाहत्तर टक्के भरते की नाही याची धाकधूक आहे. तुमच्यापैकी काही जण गुरुग्राममधल्या एखाद्या पीजीत बसून हे वाचत असाल. बाहेर लू वाहते आहे, कूलरमध्ये पाणी भरण्याची पाळी कोणाची यावरून भांडण झाले आहे आणि मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने मिलेनियम सिटी सेंटरपासून विश्वविद्यालय स्थानकापर्यंतचा लांबलचक प्रवास पेपर संपेपर्यंत रोज करायचा आहे. अशा वेळी अभ्यासक्रमात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ लागलेली असणे हा एक योगच म्हणायचा. कारण मराठीत महाविद्यालयीन वर्ष संपण्याविषयी, आणि ते फुकट गेल्याविषयी, इतके खोलात जाऊन लिहिलेले दुसरे पुस्तक मला माहीत नाही.

‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. खानदेशातल्या सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, भाषणे, स्नेहसंमेलन, मेस अशा नाना उद्योगांत पडतो, परीक्षेत मार खातो आणि शेवटी पदरात फारसे काही न पडता गावी परततो. मधल्या काळात त्याची धाकटी बहीण मनी मरते. कथानक एवढेच. मराठी वाचता येत नसलेल्या मित्रांना सांगायचे झाले, तर सुधाकर मराठे यांनी केलेला ‘ककून’ हा इंग्रजी अनुवाद आहे, आणि हिंदीतही ती वाचता येते.

आता मुद्द्यावर येऊ. उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की ते मला पाठ झाले आहे: ‘पांडुरंग हा अस्तित्ववादी नायक आहे.’ पुढे काम्यूचे नाव येते, सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी तुलना येते, ‘परात्मता’ हा शब्द येतो आणि पान संपते. हे सगळे चूक नाही. समीक्षकांनी ते म्हटलेले आहे आणि मार्कही मिळतात. पण या वाक्याने एक गोष्ट झाकली जाते. पांडुरंग ‘जगात’ अपयशी ठरण्याच्या आधी एका ठरावीक वेळापत्रकात अपयशी ठरतो. त्या वेळापत्रकाला जून महिना असतो, दिवाळीची सुट्टी असते, फेब्रुवारीत गॅदरिंग असते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा असते.

त्या काळची पद्धत वार्षिक होती. वर्षभर काय केले याचा निकाल शेवटच्या एका परीक्षेत. म्हणून मराठीत ‘वर्ष वाया गेले’ असे म्हणतात; विषय वाया गेला असे कोणी म्हणत नाही. विद्यार्थी ‘टर्म भरत’ असे, म्हणजे सत्राची हजेरी पुरी करत असे. तुमच्या आजच्या ‘एटीकेटी’त ती जुनी टर्म अजून जिवंत आहे: त्या चार अक्षरांचा मूळ अर्थ ‘टर्म पुढे चालू ठेवायला परवानगी’ इतकाच. फरक असा की आता अपयशाचे तुकडे झाले आहेत. एक पेपर राहिला तर तो सोबत घेऊन पुढे जाता येते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. श्रेयांक बँकेत जमा राहतात. आजचा पांडुरंग सांगवीला परतला असता, तर त्याच्या ट्रंकेत निदान एखादा शिक्क्याचा कागद तरी असता. (वडिलांनी त्या कागदाकडे कसे पाहिले असते, ते तुम्हीच ठरवा.)

वार्षिक पद्धतीने कादंबरीला तिची चाल दिली, असे माझे म्हणणे आहे. शेवटी एकच परीक्षा असल्यामुळे मधला काळ प्रचंड मोठा आणि मोकळा होतो. त्या मोकळ्या काळात रात्री टेकडीवर भटकणे आहे, सुरेश बापटबरोबरच्या न संपणाऱ्या गप्पा आहेत, भविष्यातल्या इतिहाससंशोधकांचे सोंग घेऊन स्वतःच्याच काळाची केलेली टवाळी आहे. कादंबरीचा एक भाग रोजनिशीच्या नोंदींत आहे, तोही याच दृष्टीने वाचून पाहा. दिवस मोजले जातात, पण त्यांची बेरीज होत नाही. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या पांडुरंगाच्या दोन लाडक्या शब्दांकडे लक्ष द्या. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की पुढे नियम यायला हवा. तो येत नाही. ‘वगैरे’ म्हटले की मागे यादी असायला हवी, ती नसते. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत पान भरण्यासाठी नेमके हेच दोन शब्द वापरतो. नेमाड्यांनी परीक्षेच्या भाषेतली ही भरताड उचलून तिचा विनोद केला आणि त्याच विनोदातून दुःख बोलते केले. मनीच्या मृत्यूनंतर अजिंठ्याच्या लेण्यांत तिची आठवण येते तो भाग वाचताना हे विशेष जाणवते. एरवी प्रत्येक गोष्टीची थट्टा करणारा हा मुलगा तिथे थट्टेचे हत्यार हातात धरू शकत नाही. त्या पानांवर मी वर्गात कधी फार बोलत नाही, इथेही बोलणार नाही.

मात्र ही कादंबरी आवडते म्हणून तिला प्रश्न विचारायचे नाहीत असे नाही. वर्षाच्या शेवटी, खोली रिकामी करताना, तुम्हाला पांडुरंग फार जवळचा वाटेल. सगळे व्यर्थ आहे असे म्हणत नापास होणे त्याने जरा देखणे करून ठेवले आहे. कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी ‘मी पण सांगवीकर’ असे म्हणून घेतले. म्हणून विचारायला हवे: हे नापास होणे फुकट होते का? नसेल तर पैसे कोणी भरले?

कादंबरी याचे उत्तर लपवत नाही, आपणच ते वाचत नाही. आपल्या शिक्षणावर वडिलांचे हजारो रुपये गेले, हे पांडुरंग सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढेही पैशाचा विषय सुटत नाही. मेसचा कारभार तो हौसेने अंगावर घेतो आणि तो अंगाशी येतो. वडील खमके आहेत, घरात शेतीवाडी आहे, गावात वजन आहे. पांडुरंगाचे वडिलांशी असलेले वैर तुम्ही ‘पिढ्यांतील संघर्ष’ म्हणून लिहिता, पण त्यात एक कर्ज देणारा आणि एक कर्ज घेणारा असेही नाते आहे. शेवटी तो सांगवीला परततो तेव्हा कंटाळा, बेकारी आणि गावातल्या पोरांच्या गप्पा त्याच्या वाट्याला येतात. पण परतायला घर असते, ताटात भाकरी असते. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. त्यासाठी पाला कोणी घातला, हेही पाहायला नको का?

इथे तुमचे गुरुग्राम मला उपयोगी पडते. २०१६ साली गुडगावचे अधिकृत नाव बदलले, कारण हे गाव द्रोणाचार्यांना मिळाले होते अशी आख्यायिका आहे. याच शहरात खांडसा गावी एकलव्याचे छोटे मंदिर आहे, आणि त्याने कापून दिलेला अंगठा तिथे पुरला असे लोक सांगतात. आख्यायिकेला पुरावा मागू नका. पण तिचा अर्थ लावा. ज्याला प्रवेशच मिळाला नाही आणि तरी फी भरावी लागली, असा हा विद्यार्थी. त्याच्या गोष्टीत नापास होण्याची सोयच नाही. मराठी दलित साहित्याला एकलव्य इतका जवळचा का वाटला, हे यावरून समजते.

‘कोसला’नंतर पंधरा वर्षांनी, १९७८ साली, दया पवारांचे ‘बलुतं’ आले. त्यातला दगडू पवार संगमनेरच्या बोर्डिंगात राहून शिकतो. पांडुरंगाचे वसतिगृह आणि हे बोर्डिंग शेजारी ठेवून पाहा. दगडूसाठी गावी परत जाणे म्हणजे जमीनजुमल्यात परत जाणे नव्हे. त्या गावाने त्याच्या आईबापांसाठी जी कामे जन्माने नेमून ठेवली होती, त्यांत परत जाणे. म्हणून त्याला पुस्तक मिटून टेकडीवर जाता येत नाही. सगळे व्यर्थ आहे असे म्हणायला आधी काहीतरी हाताशी असावे लागते. हे मी पांडुरंगाला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. त्याचे दुःख खरे आहे. पण ते सगळ्यांचे दुःख आहे असे उत्तरात लिहू नका.

मुलींचा प्रश्न तर अजून सरळ आहे. रात्रीची टेकडी ही या कादंबरीतली बहुधा सर्वांत सुंदर जागा. पण तिथे मुलगी नाही. असणारच नव्हती. २०१५ साली दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ ही मोहीम सुरू केली ती वसतिगृहांच्या दारे बंद करण्याच्या वेळेविरुद्ध. आज गुरुग्रामच्या ज्या पीजीत मुलींना दहाच्या आत यावे लागते आणि मुलांना नाही, तिथे ‘कोसला’ वाचणारी मुलगी त्या पानांवर थांबून काय म्हणत असेल, याचा मी बरेचदा विचार करतो. आणि मागे वळून पाहिले तर ‘कोसला’च्या तीस वर्षे आधी, १९३३ साली, विभावरी शिरूरकर यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ आले होते. हे मालती बेडेकर यांचे टोपणनाव. लेखिका कोण, याचा मोठा गदारोळ झाला. त्या कथांमधल्या शिकलेल्या मुलींची अडचण नापास होणे ही नाही. पास होणे हीच त्यांची अडचण आहे. शिकल्या, मिळवत्या झाल्या, म्हणून घराला त्यांची कमाई हवीशी वाटू लागली आणि त्यांचे स्वतःचे आयुष्य मागे पडत गेले. वर्षाचा शेवट तिथे सुटका घेऊन येत नाही. मनी जगली असती, शिकली असती, तर ती कोणत्या पुस्तकात गेली असती?

तुम्ही म्हणाल, काळ बदलला. काही प्रमाणात बदललाही. पांडुरंग शहरातून गावाकडे गेला. तुम्ही सहावे सेमिस्टर संपले की इंटर्नशिपसाठी गुरुग्रामकडे येता. चक्करपूर, नाथूपूर यांसारखी गावे काचेच्या इमारतींच्या मधोमध उरली आहेत आणि तिथल्या खोल्या भाड्याने जातात. शेतकऱ्याचा मुलगा तिथे घरमालक आहे आणि तुम्ही भाडेकरू. सांगवीकर वडील आज असते तर त्यांनी मुलाला पुण्याला पाठवले असते की मजल्यावर मजला चढवला असता, हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी ‘कोसला’तल्या शेतीच्या पैशाकडे पाहायला तो मदत करतो.

परीक्षेत ‘पांडुरंग सांगवीकरच्या व्यक्तिरेखेचे विवेचन करा’ असा प्रश्न आला, तर अस्तित्ववाद एका परिच्छेदात आटोपा. मग त्याच्या भाषेतले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ दाखवा, मग पैसे, मग परतण्याची जागा. ‘बलुतं’ किंवा ‘कळ्यांचे निःश्वास’ यांपैकी एकाशी तुलना केलीत तर परीक्षक थोडा चमकेल, पण वाचल्याशिवाय करू नका. न वाचलेले लगेच कळते. पेपरला अजून आठवडा असेल तर मेसचा भाग पुन्हा काढा आणि जिथे जिथे रुपयांचा आकडा येतो, त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारत जा.