शक्ती, सत्ता आणि मदर ईव्ह

इंग्रज लेखिका नेओमी ऑल्डरमन यांची ‘द पॉवर’ ही कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली आणि २०१७ साली तिला स्त्री-लेखिकांच्या इंग्रजी कादंबऱ्यांसाठी असलेले ब्रिटनमधील ‘विमेन्स प्राइझ’ लाभले. पुस्तक दाहक आहे. त्यातील काही प्रसंग इतके भीषण आहेत की ते घरातल्या कोवळ्या मुलांच्या हाती देऊ नये. थोरांनी मात्र ते अवश्य वाचावे, कारण ज्या प्रश्नाला ते हात घालते तो आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी जाऊन भिडतो.

कल्पना साधी आहे. जगभरच्या किशोरवयीन मुलींच्या अंगी एकाएकी विजेचा झटका देण्याची शक्ती जागी होते आणि मुलींच्या स्पर्शाने ती थोरल्या स्त्रियांतही उतरते. दहा वर्षांत जग उलटेपालटे होते. आरंभी वाचकाला न्यायच झाल्यासारखे वाटते. गुलाम केलेल्या स्त्रिया मुक्त होतात, रियाधच्या रस्त्यांवर उठाव होतो. पुढे मोल्दोव्हाच्या भूमीवर ‘बेसापारा’ नावाचे स्त्रीराज्य उभे राहते. तेथे पुरुषाला स्त्री-पालकाच्या परवानगीवाचून प्रवास करता येत नाही, वाहन चालवता येत नाही. हे वाचताना अंगावर काटा येतो. मग आठवते की सौदी अरेबियात स्त्रियांना वाहन चालवण्याची मुभा २०१८ साली मिळाली, म्हणजे कादंबरीनंतर दोन वर्षांनी. लेखिकेचे म्हणणेही असेच आहे : कादंबरीत पुरुषांच्या वाट्याला जे येते, ते आज कोठे ना कोठे स्त्रिया सोसतच आहेत. तेव्हा याला भयस्वप्न म्हणावे की आरसा?

टुंडे हा नायजेरियन तरुण पत्रकार मला सर्वांत जिवंत वाटला. प्रारंभी कॅमेरा घेऊन बेधडक हिंडणारा हा मुलगा हळूहळू रात्री रस्त्यावर एकटे चालण्यास भिऊ लागतो. तो मेला असे समजून एक स्त्री-पत्रकार त्याचे लेखन स्वतःच्या नावावर छापते. येथे लेखिका उपदेश करीत नाही, केवळ दाखवते. म्हणूनच हा भाग मनात रुततो.

आपल्यासारख्या वाचकांना अधिक अस्वस्थ करील ती ॲली. पोरकी, पालक-पित्याच्या अत्याचाराला बळी पडलेली ही मुलगी त्याला ठार करून पळते आणि एका मठात धर्मभगिनींच्या आश्रयाला येते. अंतरीच्या एका वाणीच्या सांगण्यावरून ती ‘मदर ईव्ह’ होते. ज्यूंनी मोशेऐवजी मिर्यामकडे, मुसलमानांनी फातिमेकडे आणि ख्रिस्ती लोकांनी पुत्राऐवजी मातेकडे पाहावे, असे ती शिकवते. यात ईशनिंदा शोधण्याची घाई करू नये. दुखावलेली मुलगी आईच्या पदराखाली शिरते, एवढे तरी आपल्याला समजायला हवे. माझा आक्षेप निराळा आहे. ॲलीला माता हवी ती बळासाठी. मरियेच्या स्तोत्रातही सत्ताधीश पदच्युत होतात, परंतु रिकाम्या सिंहासनावर मरिया बसत नाही. ‘मदर ईव्ह’ला हा भेद उमगत नाही. लेखिकेला तो उमगला असावा, कारण ग्रंथारंभी तिने शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आधार घेतला आहे : लोक राजा मागतात, आणि राजा त्यांच्या मुलाबाळांचे, शेतमळ्यांचे काय करील हे शमुवेल त्यांना बजावतो. ज्यू परंपरेत वाढलेल्या या लेखिकेने तो आधार सहज निवडलेला नसावा.

तरीही कादंबरीत शक्ती म्हणजे इजा करण्याची क्षमता, एवढाच अर्थ प्रबळ राहतो. रोकेया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या १९०५ सालच्या इंग्रजी कथेतही स्त्रीराज्य आहे आणि पुरुष पडद्यात आहेत, पण तेथील स्त्रिया सूर्यतेज साठवून अन्न शिजवतात, ढगांतून पाणी उतरवून घेतात. ऑल्डरमन यांच्या स्त्रियांना बागा फुलवण्यास सवड नाही. रचनाही मध्यभागी सैल होते. लंडनमधल्या गुन्हेगार कुटुंबाची कथा चित्रपटासारखी धावते. २०२३ साली पुस्तकावर मालिका आली, याचे म्हणूनच नवल वाटले नाही.

चौकट मात्र अप्रतिम आहे. हजारो वर्षांनंतरचा नील नावाचा पुरुष ही कादंबरी ‘ऐतिहासिक’ म्हणून लिहितो आणि नेओमी नावाच्या मान्यवर लेखिकेकडे धाडतो. पुरुष-सैनिकांची कल्पना तिला गोड पण अशक्य वाटते. ती प्रेमाने, अगदी हितचिंतक होऊन त्याला सुचवते : हे पुस्तक एखाद्या स्त्रीच्या नावाने का छापत नाहीस?